सुनावणीला हजर

हे ऐकीव नाही, पोरांनो. कामगार कार्यालयातला तो कारकून माझा जिवलग दोस्त. खोटं बोलायचाही कंटाळा करील असा माणूस. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

त्याच्या कचेरीची एक पद्धत होती. सुनावणीला शिपाई दारात उभा राहून तक्रारदाराचं नाव तीनदा पुकारायचा. कुणी ओ दिली नाही, की 'गैरहजर' असा शेरा आणि प्रकरण बंद. त्या शुक्रवारी एका वेल्डरचं नाव पुकारलं. कारखान्यात टाकी फुटून भाजलेला, भरपाई मागणारा. त्याच्याऐवजी एक बाई पुढे आली. "साहेब, मी त्यांची बायको. ते..."

"ज्याचा अर्ज, त्यानंच यायचं," मान वर न करता आमचा गडी म्हणाला आणि शेरा मारून मोकळा झाला. वरच्या साहेबांची सहीही झाली.

संध्याकाळी कुलूप लावताना शिपाई म्हणाला, "वेल्डर महिन्यापूर्वीच गेला हो. बाई तेच सांगायला बघत होती."

त्या रात्री कारकून भरल्या ताटावरून उठला. बाईला वारसाचा अर्ज भरायला सांगितलं असतं, तर प्रकरण चालू राहिलं असतं. आता बंद फायली सकाळी आठच्या गाडीनं मुख्य कचेरीत जाणार होत्या. फाईल काढून घ्यावी, सकाळी बाईचा अर्ज जोडून साहेबांचे पाय धरावेत, असं ठरवून तो किल्ली घेऊन निघाला. अकराला दहा कमी होते.

फाईल सापडली. तो टेबलाशी बसला. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. जड. सावकाश. बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसलं.

"कोण आहे?"

दारातून पाठ तेवढी दिसत होती. जळक्या कापडाचा वास येत होता. माणूस हलेना. बोलेना. नुसता वाट बघत होता.

कशाची, ते कारकुनाला कळलं. बाहेर जायला दार एकच. बाक दारातच. त्यानं नाव पुकारलं. आवाजच फुटला नाही. पुन्हा पुकारलं... नुसता श्वास. तिसऱ्यांदा फुटला.

माणूस उठला.

आत आला...

कारकुनानं डोळे घट्ट मिटले. कागद सरकला. मग काही नाही. बराच वेळ... काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा 'गैरहजर' या शेऱ्याखाली शाईचा अंगठा उठला होता.

सकाळी कारकुनानं फाईल पुढे ठेवली, तशी साहेबांनी गाडी थांबवली. भिंग घेऊन तो अंगठा मूळ अर्जावरच्या अंगठ्याशी ताडून पाहिला. रेघ न् रेघ जुळली. साहेबांनी घाम पुसला. मग हळूच म्हणाले, "कचेरीच्या वेळेतला नाही. धरता येणार नाही." बाईचा अर्जही सहीनंतरचा म्हणून परत गेला. हे सांगताना माझा दोस्त माझ्यापुढे ढसाढसा रडला. त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, माझ्याही नव्हतं.

याला अकरा वर्षं झाली. फाईल मुख्य कचेरीच्या तळघरात आहे. गेल्या महिन्यात ओळख काढून मी ती पाहून आलो. अंगठ्यावर बोट टेकवलं...

शाई ओली होती.