अंजिरांच्या जागी

"ए, हात लावू नकोस!"

लिओकादियाचा हात अंजिरावरच थबकला. बापाच्या खानावळीत, तिच्याच स्वयंपाकघरात तिला दटावणारा हा कोण? वळून पाहिलं, तर रंगांनी माखलेला एक सडपातळ तरुण… तिच्याहून जास्त घाबरलेला.

"चित्र काढतोय," तो म्हणाला. "एक अंजीर जरी कमी झालं, तरी सगळं बिघडेल."

"आणि आमचं जेवण बिघडलं तर?"

"मग… मीही उपाशी राहीन."

ती खुदकन हसली, आणि तिथंच फसली.

त्याचं नाव हिनेस. वेस्ट इंडीजला जाणारं गलबत सुटेपर्यंत स्पेनमधल्या सेव्हिया या नदीकाठच्या बंदरात मुक्कामाला आलेला. ओट्यावर तांब्याचं पातेलं, लसणाची माळ, मातीची सुरई आणि ताटलीत अंजिरं मांडून तो रंगवत बसायचा. भांडी होती तशीच राहायची, अंजिरं मात्र रोज सुकायची. मग लिओकादिया रोज ताजी आणून ठेवायची, आणि त्याला ती नव्यानं रंगवावी लागायची.

"तुझी अंजिरं मला म्हातारं करणार बघ!"

"होऊ दे की. म्हाताऱ्यांना गलबतावर घेत नाहीत."

गप्पांना कधी खंड नसायचा. एकदा तिनं थोरल्या बहिणीची गंमत सांगितली. एक कापडवाला बहिणीला मागणी घालायला आला, तर बाईसाहेबांनी त्याच्या ताटात भोपळा वाढला!

"नको असलेल्याला आमच्याकडे भोपळाच देतात."

"आणि तो काही बोलला नाही?"

"बोलायचं नसतंच. मुकाट्यानं उठून जायचं."

दोघं पोट धरून हसले होते.

अखेर एका संध्याकाळी कुंचला धुताना तो म्हणाला, "उद्या चित्र संपेल. संपलं की तुला एक विचारायचंय. तू… तू हो म्हणालीस, तर गलबत गेलं उडत."

"मग आत्ताच विचार ना!"

"अंहं… अजून धीर गोळा करतोय."

सकाळी ती तरंगतच बाजारात गेली. अंजिरांचा हंगाम संपला होता, एकही नव्हतं. पण समोर पिवळाधमक भोपळा दिसला आणि तिला लबाडी सुचली. हा रंगवायचा म्हणजे आणखी दोन दुपारी तरी त्याच्या सोबतीच्या! सुकलेली अंजिरं काढून तिनं तो दिमाखात ताटलीत मांडला. वेडीला दुसरं काही आठवलंच नाही.

हिनेस दारातच थांबला.

"हा… तूच ठेवलास?"

"मग कोण? कसा आहे?" तिनं हसतच विचारलं.

"छान आहे," तो हळूच म्हणाला.

दिवसभर त्यानं मान वर केली नाही. सूपही तसंच निवलं.

"काहीतरी विचारायचं होतं ना?"

"राहू दे आता."

धीर झाला नसेल, उद्या विचारेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. "अगं, तो पहाटेच गलबतावर गेला. त्या पोराला भोपळा दिलास? इतका वाईट होता का गं तो?"

लिओकादिया अनवाणीच नदीकडे धावली. शिडं वळणापलीकडे पोचली होती. तिनं घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. काठावरचे हमाल तेवढे वळून बघत राहिले.

परतली तेव्हा चित्र ओट्यावर भिंतीला टेकून उभं होतं. पातेलं, लसूण, सुरई, सगळं जागच्या जागी. भोपळा मात्र कुठंच नव्हता. ताटलीत अंजिरंच होती, टवटवीत, आणि त्यांच्यात एका अंजिराची जागा रिकामी होती. पहिल्या दिवशी तिनं ज्याला हात लावला होता, ते अंजीर त्यानं तिला देऊन टाकलं होतं.