वरच्या पाड्यांचा कसोटी-नमुना

सरकारी मापनशाळेच्या मोठ्या दालनात कार्यशाळेचा चौथा दिवस होता. जनगणना आणि पाहणीतली माहिती संशोधनात कशी वापरायची, हे शिकायला राज्यभरातून तीस जण आले होते. भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांतल्या एकीने डोंगरावरच्या पाड्यांवरून भरून आणलेले साठ फॉर्म लालभडक दिसत होते. खाली सत्यमापक या यंत्राचा निकाल होता : ‘घरबसल्या भरलेले. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.’

“रमिला पाडवी कोण?” डॉ. सदानंद बोरगावे यांनी विचारले.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. ज्याच्यावर हा शिक्का बसे, त्याचे नाव यादीतून कायमचे जाई आणि पुन्हा त्याला कुठल्याही पाहणीचे काम मिळत नसे. तिला ते ठाऊक होते. वर्गात कुणी वळूनही बघितले नाही. दुसऱ्याची फजिती बघताना माणूस उगाच सभ्य होतो.

“सर, यंत्राला खोटं कळतं कसं, ते आधी यांना सांगा,” संचालिका डॉ. नसीम मुजावर म्हणाल्या.

“खोटं त्याला कळतच नाही,” बोरगावे म्हणाले. सत्यमापक त्यांचेच अपत्य होते, आणि त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज फुले. “खरं कसं दिसतं, तेवढंच त्याला माहीत असतं. आपण त्याला खात्रीचे फॉर्म दाखवून ठेवले आहेत, तो कसोटी-नमुना. नवा फॉर्म त्याच्या जितका जवळ, तितका खरा. आता यांचं बघा. बायकांची वयं तीस, पस्तीस, चाळीस. बत्तीसची एक नाही! एका चुलीवर चौदा-चौदा माणसं. कर्ता पुरुष कुठेच नाही. अहो, खोटं लिहायलासुद्धा थोडे कष्ट घ्यावे लागतात.”

वर्ग हसला.

“सर, वरच्या पाड्यांवर जन्मतारीख कुणाला माहीत असते?” रमिला म्हणाली. “बाई म्हणते, लिही तीस-पस्तीस. पुरुष ऊसतोडीला गेलेले. मी सतरा दिवस चढत होते.”

“असं सगळेच म्हणतात.”

“मग वरचे खात्रीचे फॉर्म मला दाखवा. माझं काय चुकलं ते तरी कळेल.”

मागणी रास्त होती. मुजावर मॅडमनी नमुना उघडला. सपाटीवरचे फॉर्म हजारोंनी होते, वरच्या पाड्यांचे मात्र अवघे चाळीस. भरणाऱ्याचे नाव सदानंद बोरगावे, वर्ष दोन हजार तेवीस.

“अरे वा, सर, तुमचेच!”

 त्या वर्षी, म्हणजे सदतीस वर्षांपूर्वी, बोरगावे चोवीस वर्षांचे होते. पायथ्याच्या विश्रामगृहात पोचले तेव्हा टाचेला फोड आला होता. फक्त एक फोड! उद्या चढू म्हणता म्हणता ते तीन दिवस पंख्याखाली बसले आणि आपल्या गल्लीतली घरे पाड्यांवरची म्हणून लिहीत गेले. नावे तेवढी बदलली. पोस्टमनचे कुटुंब, शिंपिणीचे कुटुंब, चार माणसे, नवरा घरी, मुलांच्या तारखा बिनचूक. पुढे त्याच फॉर्मवर प्रबंध झाला, पद मिळाले. बारा वर्षांपूर्वी यंत्रासाठी नमुना निवडतानाही त्यांनी ते वगळले नव्हते. वगळले असते तर कारण द्यावे लागले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रमिला एक फॉर्म वाचत होती. “बायको बत्तीस, मुलगी चौदा जूनची... सर, या पाड्यावर मी राहिले आहे. हे घर मला दिसलं नाही. माझंच चुकलं असेल.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरीखुरी उत्सुकता होती. “तुम्ही कुठल्या वाटेने चढलात?”

बोरगाव्यांनी तोंड उघडले. नाल्याकडून म्हणावे की खिंडीतून? तिकडे नाला तरी आहे का, हेही त्यांना माहीत नव्हते. ही पोर मात्र मान वर करून, वही सरसावून उत्तराची वाट बघत होती. धरणीने पोटात घ्यावे असे त्यांना वाटले.

“मी चढलोच नाही,” ते म्हणाले.

कुणाला पटकन कळले नाही. त्यांना ते दोनदा सांगावे लागले, फोडासकट. 

मुजावर मॅडमनी ते चाळीस फॉर्म आणि रमिलाचे साठ पडद्यावर शेजारी-शेजारी लावले. मग हळूहळू म्हणाल्या, “म्हणजे वर जो खरंच चढला, त्याचे फॉर्म या चाळिसांसारखे दिसणारच नाहीत. तो पकडला जाणार. आणि जो खाली बसून आपली गल्ली लिहील, तो पास होणार.”

“हो.”

“बारा वर्षं, सर. वर सगळं ठीक आहे म्हणून तिकडे दवाखाना दिला नाही आपण.” त्यांनी यादी मागवली. वरच्या पाड्यांवरून खोटे ठरलेले पाहणीदार एकशे सतरा निघाले. त्यांना काढून टाकल्याच्या प्रत्येक पत्राखाली सही बोरगाव्यांची होती.

“माझे साठ तरी ठेवा,” रमिला म्हणाली. “वरचे खरे तेवढेच आहेत आता.”

तिचा शिक्का तिथेच काढला गेला. बोरगाव्यांना मात्र तिच्याकडे बघवेना. त्यांनी यादीतल्या पहिल्याच माणसाला सर्वांसमोर फोन लावला. मोतीराम तडवी, बारा वर्षांपूर्वी काढून टाकलेला. माफीची वाक्ये त्यांनी मनात जुळवून ठेवली होती.

“कोण?” पलीकडून थकलेला आवाज आला.

“मी बोरगावे. मापनशाळेतून.”

 नाव ऐकताच तो माणूस घाईघाईने, एका दमात बोलू लागला, “साहेब, आईची शपथ, मी खरंच वर गेलो होतो हो! पाड्यावर विचारा, कुणालाही विचारा...”