घेतलं काय, ठेवलं काय

"मला चोर पकडून नकोय. माझी वही हवी आहे," असं म्हणत मोजणीदार खुर्चीच्या अगदी काठावर बसले.

टाचणीबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. विमा कंपनीत तीस वर्षं त्या दावे तपासायच्या आणि खोट्या दाव्याला टाचणी लावून तो परत पाठवायच्या, तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी खाजगी तपास सुरू केला. स्कूटर चालवणं आणि शंका काढणं ही दोन कामं त्यांच्या दिरांकडे, म्हणजे भाऊजींकडे होती. स्कूटर ते उत्तम चालवत.

मोजणीदारांचं सगळं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक खेळ धरला. डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकायचे आणि लोकांनी तो शोधून काढायचा. डब्यात एक वही आणि चार फुटकळ वस्तू असत. सापडला की वहीत आपलं टोपणनाव लिहायचं.

"आणि नियम एकच," ते म्हणाले. "काही घेतलं तर काही ठेवायचं. घेतलं काय, ठेवलं काय, ते वहीत लिहायचं. आम्ही डबाही म्हणत नाही त्याला, ठेवा म्हणतो."

"म्हणजे मोठ्या माणसांचा लपंडाव," भाऊजी म्हणाले.

मोजणीदार हसले नाहीत. पहिला ठेवा त्यांनी अकरा वर्षांपूर्वी मुलीबरोबर लपवला होता, कालव्यावरच्या पादचारी पुलाखाली, एका सुट्या दगडामागे. मुलीचे पाय आजारामुळे हळू चालत, म्हणून तिने स्वतःच 'गोगलगाय' हे टोपणनाव घेतलं. वहीतली पहिली सही तिचीच होती. पुढची पाच वर्षं ती दर महिन्याला तिथे जाऊन दोन ओळी लिहायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तिचं इतकं अक्षर घरातही कुठे उरलं नव्हतं.

मग नऊ दिवसांपूर्वीचा मंगळवार उजाडला. नाला साफ करताना झाडूवाल्या बाईंना दगड हललेला दिसला, मागे हिरवा डबा दिसला आणि त्यांनी पालिकेत फोन केला. पोलीस आले, बॉम्बशोधक पथक आलं आणि पाण्याच्या माऱ्याने डबा फोडण्यात आला.

मोजणीदारांनी वर्तमानपत्राची कात्रणं टेबलावर मांडली. पहिल्या दिवशी 'पुलाखाली संशयास्पद डबा'. दुसऱ्या दिवशी 'गुप्त आकड्यांचं जाळं?' हे आकडे म्हणजे अक्षांश-रेखांश, शाळेच्या भूगोलातले. तिसऱ्या दिवशी खुद्द मोजणीदारांचा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'मान खाली घालून चौकशीला जाताना सूत्रधार'.

"बुटाची नाडी बांधत होतो मी," मोजणीदार म्हणाले.

दोन दिवस पोलिसांनी त्यांना बसवून ठेवलं, मग सोडून दिलं. सोडल्याची बातमी आली नाही. शाळेत ते नकाशावाचनाचा वर्ग घेत, तो बंद झाला. शेजारी जिना बदलून जाऊ लागले. खेळणारे बाकीचे लोक गप्प झाले.

"वही पाण्याच्या माऱ्यात गेली नसेल कशावरून?" टाचणीबाईंनी विचारलं.

मोजणीदारांनी पोलिसांची यादी पुढे केली. डब्याचे तुकडे, एक गोटी, एक शिट्टी, प्लास्टिकची गोगलगाय, एक काळी पेन्सिल, दोन इंचांची एक लाल-निळी पेन्सिल. कागदाचा कपटाही नव्हता.

"वही भिजेल, फाटेल, पण विरघळणार नाही. पोलीस येण्याआधीच कोणीतरी काढली ती. तिच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं होतं, 'घाबरू नका, हा खेळ आहे', आणि खाली माझा फोन नंबर. ती वही डब्यात असती तर पुढचं काही घडलंच नसतं."

"ही लाल-निळी पेन्सिल तुमची?"

"नाही. आदल्या रविवारीच मी सगळं मोजून आलो होतो. तेव्हा ती नव्हती."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 'काकपद' नावाचा एक खेळाडू होता. मोजणीदारांचा एकूण एक ठेवा त्याने शोधला होता, पण भेट कधीच झाली नव्हती. मुलगी गेली तेव्हा त्याने वहीत लिहिलं होतं, 'गोगलगायीच्या ओळींखाली लिहायला हात धजत नाही, शेजारच्या पानावर लिहितो.' बातमी आल्यापासून त्याचाही पत्ता नव्हता.

दार लागताच भाऊजी म्हणाले, "वहिनी, काकपद म्हणजे कावळ्याचं पाऊल. पक्ष्यांचा नाद असलेला कोणीतरी दिसतोय. गावात पक्षीवाले गुरुजी आहेत ना, हे लोक घरटी तुडवतात म्हणून तक्रार करणारे?"

"चला, विचारून येऊ," टाचणीबाई म्हणाल्या.

पक्षीवाल्या गुरुजींच्या डोळ्यावर पट्टी होती. त्या मंगळवारी सकाळी ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर आडवे होते. तक्रार केली होती, हे त्यांनी कबूल केलं. पण डबा फोडला हे ऐकून त्यांना वाईट वाटलं होतं, कारण मोजणीदार हा भांडायला चांगला माणूस होता. भाऊजींची शंका तिथेच निकालात निघाली.

झाडूवाल्या बाई पुलावरच भेटल्या. फोन करून त्या मुकादमाला बोलवायला गेल्या होत्या. वीस मिनिटांनी परतल्या तेव्हा एक वयस्क गृहस्थ पुलाखालून वर येत होते.

"मला म्हणाले, 'घाबरू नका बाई, खेळणं आहे ते.' मी हे त्या बातमीवाल्यालाही सांगितलं. आणि त्याने काय छापलं? अनोळखी इसमाने पळ काढला. पळतोय कसला तो! कठडा धरून एकेक पायरी चढत होता बिचारा."

पुलावरून समोर पाहिलं की वर्तमानपत्राच्या कचेरीची पाटी दिसायची. चालत पाच मिनिटं.

बातमीदार उत्साही होता आणि त्याला आपल्या बातमीचा अभिमानही होता. त्या सकाळी तो पालिकेतच होता. डब्याचा फोन आलेला कळताच त्याने कचेरीत कळवलं. फोन उपसंपादकांनी घेतला, त्यांना इथे सगळे दादा म्हणत. बातमीदार पुलावर पोचला तेव्हा पोलीस दोरी बांधत होते.

"वहीबद्दल काही ऐकलं होतं?"

"वही? छे. वही असती तर तीच बातमी केली असती."

टाचणीबाईंनी त्याने स्वतः लिहिलेली मूळ बातमी पाहायला मागितली. त्याने ती पडद्यावर उघडली आणि त्यांनी छापील कात्रणाशी ओळ अन् ओळ ताडून पाहिली. त्याने सात वेळा 'डबा' लिहिलं होतं. छापताना सातवा बदलला होता. 'पोलिसांनी हा ठेवा पाण्याच्या माऱ्याने फोडला.'

"एकच शब्द फार वेळा आला की दादा बदलतात," तो म्हणाला. "जुनं खोड आहे. आम्ही सगळे पडद्यावर दुरुस्त्या करतो, ते मात्र अजून कागद छापून हाताने करतात."

दादा तळमजल्यावर बसत. गुडघा दुखतो म्हणून त्यांचं टेबल वरून खाली आणलं होतं. टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि एका डबीत लाल-निळ्या पेन्सिली होत्या, बऱ्याचशा अंगठ्याएवढ्या झिजलेल्या. बोलता बोलता ते एका ओळीत दोन शब्दांच्या मध्ये खाली छपरासारखी छोटी खूण करत आणि सुटलेला शब्द वर लिहीत.

बातमीबद्दल विचारल्यावर त्यांनी मान वर केली नाही. "आलेलं नीट करून देणं एवढंच आमचं काम," ते म्हणाले. "ते खरं की खोटं, हे या टेबलावर ठरत नाही." निरोप घेताना मात्र त्यांनी विचारलं, मोजणीदारांची तब्येत बरी आहे ना.

बाहेर येऊन भाऊजींनी स्कूटरला किक मारली. "बातमीदारानेच काढली वही. बातमी चटकदार व्हावी म्हणून."

"भाऊजी, घरी आधी शब्दकोश काढा," टाचणीबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी, संध्याकाळी पाच वाजता, टाचणीबाईंच्या पुढच्या खोलीत मोजणीदार, बातमीदार आणि दादा बसले होते. दादांना त्यांनी एक मजकूर तपासून द्या म्हणून बोलावलं होतं. चहा झाल्यावर त्यांनी एक कागद दादांपुढे ठेवला. त्यावर एकच ओळ छापलेली होती.

'पुलाखाली सापडलेला डबा हा फक्त एक होता.'

दादांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पेन्सिल बाहेर आली, 'एक' आणि 'होता' यांच्या मध्ये खाली खूण झाली आणि वर शब्द लिहिला गेला, 'खेळ'. मग पेन्सिल थांबली.

"या खुणेला काय म्हणतात?" टाचणीबाईंनी हळू विचारलं.

दादांनी कागद थोडा दूर सारला.

"मला माहीत नव्हतं. शब्दकोशात सापडलं. ओळीत काही सुटलं की खाली करायची ती खूण, काकपद."

मोजणीदार खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच परत बसले.

टाचणीबाई बातमीदाराकडे वळल्या. "तुम्ही सात वेळा डबा लिहिलात. छापताना एकाचा ठेवा झाला. बदलायचाच तर पेटी होती, वस्तू होती. बॉम्बच्या बातमीत ठेवा कोण लिहील? ज्याच्या तोंडी अकरा वर्षं तोच शब्द आहे, तो. आम्हाला वाटलं होतं, वही नेणाऱ्याला हा खेळ समजला नसेल. उलट होतं. त्याला तो इतका समजला होता की घाईतही नियम मोडवला नाही. वही घेतली, तर बदल्यात काहीतरी ठेवलं. खिशात जे होतं ते. लाल-निळी पेन्सिल तुमच्या कचेरीत एकच माणूस वापरतो. पालिकेतून तुमचा फोन आला तो त्याच माणसाने घेतला. पाच मिनिटांवर पूल. आणि तुम्ही ज्याला पळवलंत, तो इसम कठडा धरून पायऱ्या चढत होता."

बातमीदाराने दादांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दादा, ते 'पळ काढला' तुम्हीच तपासलंत."

"हो," दादा म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाहिलं. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं."

मग ते मोजणीदारांशी बोलू लागले, पण नजर कागदावरच होती. सगळा डबाच उचलून आणायचा, असं ठरवून ते गेले होते. दगडापाशी वाकल्यावर आधी वही काढली, कारण गोगलगायीचं अक्षर जपायला हवं होतं. तेवढ्यात वर पावलं वाजली आणि ते घाबरले. वर्तमानपत्रातला माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, हातात संशयास्पद डबा. त्यांना वाटलं, पोलीस झाकण उघडतील, गोटी आणि शिट्टी बघून हसतील. फोडतील असं वाटलं नव्हतं. आणि फोडल्यावर बोलायचं तर वही कोणी काढली, तेही सांगावं लागलं असतं. दुपारी मथळा ठरला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा मथळा आला. दर दिवशी गप्प राहणं आदल्या दिवसापेक्षा सोपं होत गेलं.

"तुमचा नाडी बांधतानाचा फोटोही माझ्याच टेबलावरून गेला," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली वही काढली. अकरा दिवस ती त्यांच्या खांद्यावर होती. घरी ठेवायला धीर होत नव्हता आणि कचेरीत ठेवणं शक्य नव्हतं.

मोजणीदारांनी ती दोन्ही हातांनी घेतली. पहिलं पान उघडलं. 'गोगलगाय. उशिरा पोचले, पण पोचले.' बराच वेळ ते त्याच पानावर होते. भाऊजींनी उगाचच कपबशा गोळा करायला घेतल्या.

"अकरा वर्षं मला तुम्हाला भेटायचं होतं," शेवटी मोजणीदार म्हणाले. "तुम्ही आला असतात तर मी स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणून बसवलं असतं तुम्हाला. अशी भेट नको होती हो."

दादांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली.

मोजणीदारांनी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. तिथे त्या मंगळवारची तारीख होती, अक्षर घाईचं होतं. 'काकपद. घेतलं: वही. ठेवलं: पेन्सिल.'

"इथेही लिहिलंत," मोजणीदार म्हणाले.

"त्या वहीत कधी खोटं लिहिलं नाही." दादांनी वही मागितली, 'वही'च्या पुढे, ओळीखाली छोटं काकपद केलं आणि वर लिहिलं, 'आणि तुमचं नाव'.

मोजणीदारांनी ते वाचलं. "आणि त्याच्या बदल्यात ठेवलं काय?"

पेन्सिल कागदावर टेकलेली होती. दादांनी ती तशीच खाली ठेवली.

पुढच्या आठवड्यात खुलासा छापून आला. सातव्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली, चार ओळी. संपादकांनी तेवढीच जागा दिली. दादांनी त्याखाली आपलं खरं नाव घातलं आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. पण पहिलं पान वाचणारे सातव्या पानापर्यंत क्वचितच येतात. शाळेने नकाशावाचनाचा वर्ग पुन्हा सुरू केला नाही. शेजारी अजूनही दुसऱ्या जिन्याने जात होते.

आभार मानायला मोजणीदारांनी टाचणीबाईंना आणि भाऊजींना घरी बोलावलं. नियमाप्रमाणे शोधणाऱ्याने सही करायची असते. टाचणीबाईंनी सही केली आणि लिहिलं, 'ठेवलं: एक टाचणी.' भाऊजींनी खाली आपलं नाव लिहिलं.

काकपदाच्या नोंदीखाली मोजणीदारांनी ते चार ओळींचं कात्रण चिकटवलं होतं.

"आता ही परत पुलाखाली ठेवणार?" भाऊजींनी विचारलं.

"तिथे पालिकेने सिमेंट भरलंय," मोजणीदार म्हणाले, आणि त्यांनी वही कपाटात, मुलीच्या फोटोमागे ठेवली. वहीची अजून चाळीस पानं कोरी होती.