नचिकेतची चेष्टा

हिंदी मुलुखातल्या बिजौलीच्या कारखान्यात त्यांची ओळख झाली ती चक्क खाजेमुळे. काचेच्या आखूड तंतूंची पिशवी फाटली आणि मुग्धाचं मनगट लालेलाल झालं. टेस्टिंग मशीनवरच्या नचिकेतनं तिच्या मनगटावर चिकटपट्टी लावली... आणि अलगद ओढली. तंतू निघाले, शहारा मात्र राहिला.

"तुम्ही मराठी?" तिनं विचारलं.

"हो, पण इथल्याच खंडेराव गेटचे. सात पिढ्या. पण माझी मराठी जरा कच्ची आहे."

"पिकवू की," नाशिकची मुग्धा बोलून गेली आणि स्वतःच लाजली.

रेल्वेच्या सीटखालच्या ब्रॅकेटसाठी प्लास्टिकमध्ये हे तंतू मिसळायचे होते. ते प्लास्टिक किती ताठ होईल, हे साचा बनवण्याआधी सांगणं मुग्धाचं काम. माल पुरवणाऱ्याचा कागद म्हणत होता, ताठपणा नऊ गिगापास्कल. मुग्धाचं गणित म्हणत होतं, साडेसहा. मळताना तंतू तुटतात, मधल्या थरात आडवे पडतात. म्हणजे ब्रॅकेट जाड हवा, साचा वेगळा हवा.

"गलत निकला तो नाशिक का टिकट," मालक देवेंद्रजी हसत म्हणाले, पण ते काही हसण्यावारी नव्हतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी तिनं मशीनपाशी डोकावलं. "काय चाललंय?"

"तुमच्या आकड्यासाठी चेष्टा करतोय," नचिकेत अभिमानानं म्हणाला. "दोन दिवसांपासून. अगदी मनापासून."

मुग्धा तशीच मागे फिरली. देवेंद्रजी हसले ते ठीक, पण यानंही? घरी तिला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीननं त्या प्लास्टिकच्या पाच पट्ट्या ताणल्या. सरासरी आली सहा पूर्णांक चार.

"ब्रॅकेट मोटा करो," देवेंद्रजी म्हणाले. "मॅडम सही हैं." अख्ख्या खोलीत टाळ्या वाजल्या.

मुग्धाचं लक्ष मशीनच्या जबड्यांकडे गेलं. आत पॉलिशपेपर चिकटवलेला होता.

"पट्टी घसरायची," नचिकेत म्हणाला. "खरा आकडा लपून राहिला असता."

"एवढं केलंत, मग माझी चेष्टा का केलीत?"

"केली ना! अजून किती करू?" तो गोंधळला. "कोशिश म्हणणार होतो... पण तुमच्यासमोर त्याचा शुद्ध शब्द हवा, म्हणून चेष्टा म्हटलं."

मुग्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा!"

त्याचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाला, "आणि प्रेम? ते तरी दोन्हीकडे एकच ना?"

तिनं मनगट पुढे केलं. "एकच. आता चिकटपट्टी लावा... खाजतंय."

मनगटावर एकही तंतू नव्हता. तरी त्यानं पट्टी लावली आणि बराच वेळ ओढलीच नाही.