मेहरुनचं खातं बंद करताना

दुकानात एका फोटोच्या चौकटीला काच बसवत होतो, तेव्हा फोन आला. पलीकडे बाईचा आवाज, अगदी कार्यालयी. मेहरुन मॅडमशी बोलता येईल का, असं तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग थोड्या वेळाने करते."

"कधीच करू नका. ती फेब्रुवारीत वारली."

मला वाटलं, आता सॉरी म्हणेल. सगळे म्हणतात. माझे कान किटले होते त्या शब्दाला.

"मग काल संध्याकाळी त्यांच्या खात्यात कोण शिरलं होतं?" तिने विचारलं.

अर्शियाशी माझी ओळख झाली ती अशी. मी फोन आपटला.

माझी बायको विद्यापीठात पीएच.डी. करत होती. घरी बसून शिलाई करणाऱ्या बायका, हा तिचा विषय. कसबा पेठेतल्या आमच्या घरापासून पार धायरीपर्यंत ती त्या बायकांकडे जायची, मशीनशेजारी बसायची आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायची. ते सगळं लिहून काढायचं राहिलं होतं. साधा ताप म्हणून तिला दवाखान्यात नेलं आणि मी एकटाच परत आलो. कोणाला दोष द्यावा तर डॉक्टरही चांगला निघाला. त्याचाही मला राग आला.

माझी एकच इच्छा होती. तिचं काम तिच्या नावाने छापून यावं. तिच्या विद्यापीठातल्या खात्याचा पासवर्ड मला माहीत होता. एका फुकटच्या एआय साइटवर रेकॉर्डिंग टाकलं की आपोआप लिहून मिळतं, असं कळलं होतं. मी धायरीच्या सोजरबाईंचं रेकॉर्डिंग टाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी हा फोन, आणि संध्याकाळपर्यंत खात्याला कुलूप.

मी दुकान बंद केलं आणि भांडायलाच विद्यापीठात गेलो.

डेटा सुरक्षेची खोली जिन्याखाली होती. अर्शिया माझ्याच वयाची असेल. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तिने जखमेवर लावायची पट्टी चिकटवली होती. ती चहात बिस्किट बुडवत होती. मला पाहून दचकली आणि बिस्किट तुटून कपात पडलं. मी नाव सांगितलं.

"बसा, आफताबभाई."

"बसायला आलो नाही. खातं उघडा."

तिने समजावलं. विद्यापीठाने काही एआय साधनं मंजूर केली आहेत. त्यांत टाकलेलं विद्यापीठाच्याच संगणकांवर राहतं. बाहेरच्या साइटवर टाकलेलं कुठे जातं, कोण वाचतं, काही सांगता येत नाही.

"तुमची यादी गेली खड्ड्यात," मी म्हणालो.

"यादी इथेच आहे," ती म्हणाली. "खड्ड्यात तुम्ही टाकलेलं गेलंय. तेच बाहेर काढतेय सकाळपासून. टाकण्याआधी ते ऐकलं होतं का?"

मी ऐकलं नव्हतं. सुरुवातीला मेहरुनचा आवाज होता, त्याच्या पुढे मला जाताच आलं नव्हतं. अर्शियाने हेडफोन माझ्यापुढे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

"ताई, तुमचं नाव कुठे येणार नाही," मेहरुन म्हणत होती. "लिहून झालं की हा आवाज मी स्वतः पुसून टाकीन. माझा शब्द."

मग सोजरबाई बोलायला लागल्या. त्यांच्या दिरांनी पुतणीचं, शालूचं, लग्न तिला न विचारता ठरवलं होतं. सोजरबाईंनी पोरीला रातोरात लोणी काळभोरला आपल्या मैत्रिणीकडे पोचवलं. ती तिथे नर्सिंगला जात होती. मैत्रिणीचं नाव, गल्ली, सगळं त्यांनी मेहरुनला विश्वासाने सांगितलं होतं. आणि मी ते उचलून जगापुढे ठेवलं होतं.

हेडफोन काढला तेव्हा अर्शियाने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. दुसरा. बिस्किट न पडलेला.

रेकॉर्डिंग पुसा, असं अर्शियाने त्या साइटवाल्यांना कळवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं, ते आभार मानणारं होतं. रेकॉर्डिंग पुसलं की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. अर्शिया म्हणाली, सोजरबाईंना सांगायला हवं, आणि ते फोनवर सांगायचं नाही. मी तिला स्कूटरवर धायरीला नेलं. सिंहगड रस्त्यावर पाऊस लागला. ती मागून एवढंच म्हणाली, की हळू चालवा, माझ्यावरचा राग खड्ड्यांवर काढू नका.

सोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मशीन थांबवलं नाही.

"म्या मेहरुनला सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुला न्हाय."

शालूला त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी राहायला जावं लागलं. नुकती कुठे रुळली होती पोरगी. सोजरबाईंनी मला पाणीही विचारलं नाही, आणि बरोबर केलं.

परत येताना मी म्हणालो, काम राहू दे आता, सगळं पुसून टाका. अर्शिया चिडली. तिला चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"त्या बायका तुमच्या बायकोशी उगाच बोलल्या का?" ती म्हणाली. "काम पुरं करा. पण नीट करा."

मेहरुनच्या गाईड दीपाली मॅडम. त्यांनी मला या कामाला हात लावायची परवानगी आणली, आणि संमतीपत्रावर सही केलेल्या बायकांकडे जाऊन पुन्हा विचारून आल्या. सोजरबाईंनीही हो म्हटलं. दर शनिवारी मी जिन्याखालच्या खोलीत बसायला लागलो. मंजूर साधन आवाजाचा मजकूर करून द्यायचं, पण त्याला या बायकांची बोली कळायची नाही. मशीनचा खडखडाट आला की ते भलतंच लिहायचं. मग एकेक वाक्य ऐकायचं आणि दुरुस्त करायचं. ओळख पटेल असं काही आलं की अर्शिया ते काढायची. मला एखादं वाक्य सोडवायचं नाही, तिला ठेवायचं नाही. आम्ही फार भांडलो.

भांडता भांडता मला तिच्या सवयी कळल्या. बिस्किट प्रत्येक वेळी तुटायचं आणि प्रत्येक वेळी तिला नवल वाटायचं. ती कोणाला आवाजी मेसेज पाठवायची नाही. मी एकदा पाठवला, तर तिने लिहून उत्तर दिलं — आवाज एकदा हातचा गेला की आपला राहत नाही.

आणि मेहरुन कुठे हसते, ते तिला माझ्याआधी कळायला लागलं होतं. "आता हसतील बघा," ती म्हणायची, आणि मेहरुन हसायची. त्याचा मला राग यायचा. मग एका शनिवारी राग आला नाही. त्याचा जास्त राग आला.

त्याच दिवशी मी म्हणालो, "ते भाई म्हणणं बंद करा."

"मग काय म्हणू?"

"काहीही. भाई सोडून."

तिने बराच विचार केल्यासारखं केलं. "अहो म्हणू?" आणि स्वतःच लाल झाली... घाईने बिस्किट बुडवलं. तेही पडलं.

पावसाळा सरत आला तेव्हा त्या कामाचा अहवाल छापून आला. वर मेहरुनचं नाव. मी तो दुकानात उजेडाला धरून पाहिला. आता रेकॉर्डिंग पुसायची आणि तिचं खातं बंद करायचं, एवढंच राहिलं होतं.

मी अर्शियाला म्हणालो, सगळं पुसा, पण तिचं हसणं तेवढं ठेवा. एका रेकॉर्डिंगच्या शेवटी ती नुसतीच हसते. त्यात कोणाचं नाव नाही, गाव नाही.

"नाही," ती म्हणाली.

"कोणाला कळणार आहे?"

"सोजरबाईंना काय शब्द दिलाय? त्या हसण्यामागे त्यांचं मशीन वाजतंय, आफताब."

माझ्या घरी मेहरुनचे मेसेज होते, सगळे लिहिलेले. आवाज म्हणून असा हा एवढाच. मी अर्शियाला वाटेल ते बोललो. तुमच्यासाठी माणूस म्हणजे फाइल, असंही म्हणालो. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मी पुसलं तर तुम्ही जन्मभर माझ्यावर चिडाल," ती म्हणाली. "ते मला परवडणार नाही. शब्द तुमच्या बायकोने दिला होता. तुम्हीच पाळा."

मी एकदाच ऐकलं. हसणं आणि मागे मशीन. मग पुसलं. खातं बंद केलं. अर्शियाकडे न बघता निघून आलो.

त्यानंतर मी कोणाशी धड बोललो नाही. अर्शियावर चिडलो. असला शब्द दिलाच कशाला म्हणून मेहरुनवर चिडलो. गिऱ्हाइकांच्या चौकटींना खिळे ठोकताना दोनदा बोट चेचलं.

मग एका दुपारी, बाहेर भुरभुर पाऊस, फोन वाजला. अर्शियाचा मेसेज. आवाजी. मी तो कानाला लावला.

"आफताब... समोरच्या पत्र्याखाली उभी आहे. बिस्किटं आणलीत, चहा तुमच्याकडचा. आणि — मला तुम्ही आवडता. हे पुसलंत तरी चालेल. मी परत म्हणेन."

मी वर पाहिलं. ती खरंच तिथे होती. एका हातात पुडा, दुसऱ्या हाताने ओढणी पिळत, माझ्या दुकानाकडे सोडून सगळीकडे बघत.

माझा राग गेला नव्हता. तापावर होता, मेहरुनवर होता, या बाईवर तर होताच. तो घेऊनच मी रस्ता ओलांडला.

"भिजायचं काय कारण?" मी विचारलं.

"आत या, असं कोणी म्हणालं नाही."

मी तिच्यासमोर फोन काढला. तो मेसेज तिला दाखवला आणि पुसला. तिचा चेहरा उतरला.

"आता म्हणा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग परत म्हणाली.