हिरव्या रंगाचा ओघळ

व्हॅन सर्व्हिसिंगहून परत आली आणि अंगणात शिरता शिरता तिने एवढ्या जोरात हॉर्न दिला, की फाटकाशी झोपलेलं मांजर भिंतीवर गेलं आणि भिंतीवर बसलेला लिंबू खाली आला.

"आई, हा कुठला हॉर्न?" वकिलाने कानावरचे हात काढत विचारलं. "आपला तर सर्दी झाल्यासारखा वाजायचा."

मामीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. स्वारी खुशीत होती. "बदललाय वाटतं त्यांनी. मी सांगितलंसुद्धा नव्हतं. शेवटी शोरूमवाले ते शोरूमवाले. ब्रेक नवे, एअर फिल्टर नवा, वर हॉर्न फुकट."

"फुकट?" भिंग म्हणाली आणि तिने चष्मा नाकावर वर सरकवला.

भिंग आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू सुट्टीत मामाकडे राहायला आले होते. वकील हा मामाचा मुलगा. भिंगाला भिंग म्हणायचे ते काही नुसत्या जाड चष्म्यामुळे नाही. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि सुटलं नाही की ते तिला सोडत नसे. वकील तोंडाळ होता. समोरच्याला बोलण्यात गुंडाळावं तर त्यानेच. लिंबू सगळ्या खेळांत लिंबूटिंबू, म्हणून लिंबू. त्याला स्वतःला हे नाव अजिबात पसंत नव्हतं, पण त्याचं विचारतो कोण?

मामीचं काम गमतीचं नव्हतं. डोंगरमाथ्यावरच्या पेशंटना ती व्हॅनने खाली शहरातल्या हॉस्पिटलात नेत असे. ज्यांची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, त्यांचं रक्त तिथे मशीनवर शुद्ध करून देत. ठरलेला दिवस चुकवून चालत नसे. आणि खाली जायचं म्हणजे नागमोडी उतार. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. गेले काही दिवस त्या उतारावर ब्रेक दाबला की चाकातून करकर आवाज यायचा, म्हणून तर व्हॅन शोरूमला दिली होती.

"हा घ्या खजिना," म्हणत मामीने पुठ्ठ्याचा एक खोका मुलांपुढे ठेवला. "जुने पार्ट मी नेहमी परत मागते. नाहीतर हे लोक काय बदलतात नि काय नाही, आपल्याला काय कळणार? मी दोन घास खाते. लगेच निघायचंय."

ती आत गेली आणि तिघांनी खोक्यावर झडप घातली. आत ब्रेकचे झिजलेले पॅड होते आणि घडीघडीच्या कागदाचा जुना एअर फिल्टर होता. लिंबूने तो उचलून जमिनीवर आपटला. धुळीचा लोट उठला आणि त्या धुळीतून काहीतरी पांढरं, हलकं तरंगत भिंगाच्या चष्म्यावर येऊन चिकटलं.

तिने ते बोटांनी काढलं. ते पीस होतं. फिल्टरच्या घड्यांमध्ये तशीच बारीक पिसं ठासून भरली होती. तिने हुंगून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"कोंबड्या."

"आपल्या गाडीत कोंबड्या कधी होत्या?" लिंबूने विचारलं.

"कधीच नाही. मामीच्या गाडीत कुणी साधं बिस्कीट खाल्लं तरी ती डोळे वटारते."

वकील विचारात पडला. "खोका बदलला असेल. दुसऱ्याचा आपल्याकडे, आपला दुसऱ्याकडे. त्यात एवढं काय?"

"खोका बदलला असेल तर काही नाही," भिंग सावकाश म्हणाली. "पण न मागता हॉर्न कुणी देतं का? तो हॉर्न दुसऱ्या कुणीतरी मागितला असेल. आणि त्याला मिळायचा तो आपल्याला मिळाला असेल, तर आपल्याला मिळायचं ते..."

वकील आईला हाका मारत दाराकडे धावला.

मामी हात पुसत बाहेर आली तेव्हा तिघंही एकदम बोलायला लागले. तिने अर्धं ऐकलं, पिसं पाहिली आणि शोरूमला फोन लावला. पलीकडचा आवाज साखरेत घोळवलेला होता, सगळ्यांना ऐकू येईल इतका खणखणीत.

"मॅडम, खोके इकडचे तिकडे झाले असतील, सॉरी. पण काम शंभर टक्के झालंय. कॉम्प्युटरवर दिसतंय ना मला. ब्रेक चेक, ओके. तुम्ही अगदी निर्धास्त जा."

मामीने फोन ठेवला. "झालं समाधान? शोरूमपासून घरापर्यंत मी आलेच की. ब्रेक छान लागतोय."

"पण मामी, करकर फक्त उतारावर यायची ना?" भिंग म्हणाली. "शोरूमपासून घरापर्यंत सगळं सपाट आहे."

मामीचा किल्लीवरचा हात थांबला. तिने एकदा व्हॅनकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. "बरं. शोरूम वाटेतच आहे, उतार लागायच्या आधी. तिथे पाच मिनिटं थांबू. पाचाची सहा नाही. बसा गाडीत."

पेशंटपैकी पहिल्यांदा शिंपीकाकांना घेतलं, मग बाईंना. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आजाराने पार वाळल्या होत्या, पण त्यांचा दरारा तसूभरही वाळला नव्हता. गाडीत चढताना त्यांची काठी हातातून सुटली आणि गडगडत पुढच्या डाव्या चाकाशी गेली. भिंग ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

त्या चाकावर हिरवा रंग होता. तो तिथे कसा आला हे सगळ्या घराला ठाऊक होतं. सुट्टीच्या सुरुवातीला मुलांनी फाटक रंगवलं, तेव्हा लिंबू रंगाचा डबा घेऊन अडखळला होता. मामीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. रंगाचा एक जाडसर ओघळ चाकाच्या पत्र्यावरून दोन नटांवर आला होता आणि नटांवरून पुन्हा पत्र्यावर उतरून तिथेच वाळला होता. आत्ता गाडी धुतल्यामुळे तो नुसता चमकत होता. आणि अखंड होता. कुठे चीर नाही, कुठे टवका उडालेला नाही.

काठी बाईंच्या हातात देऊन ती वकिलाशेजारी बसली आणि त्याच्या कानाला लागली. "नट फिरवला तर त्याच्यावरचा रंग फाटायला हवा. फाटलेला नाही. ते चाक काढलेलंच नाही रे. आणि चाक काढल्याशिवाय ब्रेकचे पॅड कसे बदलणार?"

"आईला सांग."

"शोरूमला थांबतोच आहोत. तिथे दाखवू."

पण शिंपीकाकांना बसवताना वेळ गेला होता, बाईंना बसवताना आणखी गेला. मामी सारखी घड्याळाकडे बघत होती. शोरूमची निळी पाटी लांबून दिसायला लागली आणि ती म्हणाली, "आता थांबले तर मशीनची वेळ चुकेल. परत येताना थांबू हं."

पाटीच्या पलीकडे रस्ता डावीकडे वळत होता आणि दिसेनासा होत होता. तिथूनच उतार सुरू व्हायचा. व्हॅनने वेग घेतला. मोठ्यांच्या कामात मुलांनी मध्ये मध्ये बोलू नये, हे तिला घरी शंभरदा ऐकवलेलं होतं. आणि आपलं चुकलं तर? बाईंचं मशीन आपल्यामुळे चुकलं तर? पाटी अगदी जवळ आली.

"मामी, थांब," ती ओरडली. "चाक काढलेलं नाही. मी पाहिलंय. आपल्या गाडीचे ब्रेक जुनेच आहेत."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मामीने वाद घातला नाही. तिने पाय हळूहळू ब्रेकवर दाबला आणि व्हॅन शोरूमच्या फाटकात येऊन थांबली.

"काय पाहिलंस?" मामीने मागे न बघता विचारलं. भिंगाने सांगितलं. मामी ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"आई, त्याला चाक लगेच दाखवू नकोस," वकील म्हणाला. "आधी दाखवलंस तर तो पळवाट शोधेल. आधी त्याला बोलू दे. ते काम माझं."

शोरूममध्ये काचा लखलखत होत्या आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरत होते. टाय लावलेला साहेब हसत हसत पुढे आला. "मॅडम, अजून शंका? मुलं फार चौकस आहेत हो तुमची." या वाक्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे कुणालाही कळलं असतं.

"काका, मला मोठेपणी गाड्यांचंच काम करायचंय," वकील भोळाभाबडा चेहरा करून म्हणाला. हे साफ खोटं होतं. "ब्रेकचं काम करायचं तर चाकं काढावी लागतात का?"

"अर्थात."

"सगळी?"

"चारही. आमची पद्धतच आहे तशी."

"आमच्या गाडीचीही चारही काढली? पुढचं डावंसुद्धा?"

"अरे बाळा, माझ्या डोळ्यांदेखत काढली," साहेब म्हणाला. आता त्याच्या आवाजातली साखर कमी झाली होती.

"जरा मोठ्याने सांगा," दारातून आवाज आला. काठी टेकत बाई आत आल्या होत्या. "मला अलीकडे कमी ऐकू येतं."

"चारही चाकं काढली, बाई, माझ्या डोळ्यांदेखत."

"छान. आता बाहेर या."

सगळे बाहेर आले. भिंग पुढच्या डाव्या चाकाशी बसली आणि तिने बोट ठेवलं. "हा रंग तुमच्याकडे गाडी यायच्या आधीचा आहे. तुम्ही हा नट फिरवला असेल तर रंग अख्खा कसा राहिला?"

साहेब वाकला. त्याचा टाय चाकाला लागला तरी त्याला भान नव्हतं. "रंग... लवचीक असेल."

"मग आत्ता फिरवा," मामी म्हणाली.

मेकॅनिक पाना घेऊन आला. त्याने पाना नटावर बसवला आणि जोर दिला. तड असा बारीक आवाज झाला. हिरवा रंग चिरला आणि त्याची एक खपली साहेबाच्या चकचकीत बुटावर पडली. दुसऱ्या नटाचीही तीच गत. मग चाक निघालं. मेकॅनिकने आत पाहिलं आणि नुसती मान हलवली. पॅडवरचा मसाल्याचा थर पार झिजून गेला होता. पत्र्याला पत्रा घासायला आला होता.

"उतारावर दोन-चार वळणं गेली असती, मग ब्रेक लागलाच नसता," तो हळूच म्हणाला. मामी तिथल्या स्टुलावर बसली. तिने लिंबूला ओढून जवळ घेतलं, आणि एरवी अशाने चिडणारा लिंबू गुपचूप उभा राहिला.

तेवढ्यात त्याचं लक्ष रांगेतल्या गाड्यांकडे गेलं. प्रत्येक गाडीच्या टपावर नंबर लिहिलेली एक प्लास्टिकची टोपी होती. "गाड्यांना टोप्या कशाला?"

"कुठल्या गाडीचं कुठलं काम, ते कळायला," मेकॅनिक म्हणाला. "धुताना काढतात, मग परत..." तो थांबला. "काल दोन पांढऱ्या व्हॅन शेजारी शेजारी होत्या."

"म्हणजे टोप्या बदलल्या," भिंग म्हणाली, "आणि गाडीची नंबरप्लेट कुणीच पाहिली नाही."

साहेबाने घाईघाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावला. तो गृहस्थ कोंबड्या आणि अंडी वाहून नेत असे, आणि तो संतापलेलाच होता. "मी हॉर्न बसवायला दिला होता. हॉर्न मुका तो मुकाच. आणि ब्रेक असला कडक करून ठेवलाय, की सकाळी सगळी अंडी माझ्या मानेवर."

हसू सगळ्यांना आलं, बाईंनासुद्धा. साहेब मात्र हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, मी पाहिलंच नव्हतं," तो खाली मान घालून म्हणाला. "कॉम्प्युटरवर ओके केलं आणि मोकळा झालो."

"मगाशी डोळ्यांदेखत म्हणालात," बाई म्हणाल्या. "ते डोळे यापुढे वापरत जा." मग त्यांनी स्वतःच हॉस्पिटलला फोन केला. "आम्हाला यायला उशीर होईल. होऊ दे. कायमचा उशीर होण्यापेक्षा हा बरा."

नवे पॅड बसले. या वेळी चारही चाकं निघाली आणि प्रत्येक चाकाशी चष्मा सावरत भिंग उभी होती. साहेब स्वतः पाना हातात देत होता. त्या अंडीवाल्याला आजच्या आज हॉर्न बसवून द्यायचा, असंही मामीने त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मग व्हॅन उताराला लागली. पहिल्या वळणावर दरी एकदम खिडकीशी आली. मामीने ब्रेक दाबला. सगळ्यांचे कान चाकांकडे होते. करकर नाही, कुरकुर नाही. गाडी मुकाट्याने वेग कमी करून वळली. भिंगाचा जीव भांड्यात पडला.

हॉस्पिटलच्या दारात उतरताना बाईंनी भिंगाच्या खांद्यावर हात ठेवला. "शाळेत मी आयुष्यभर सांगत आले, मध्ये बोलू नका. आज तू मध्ये बोललीस म्हणून मी इथे आहे." शिंपीकाकांच्या मागोमाग त्या काठी टेकत आत गेल्या.

मामी व्हॅनला वळसा घालून पुढच्या डाव्या चाकाशी आली. फाटलेल्या ओघळावरून तिने अंगठा फिरवला.

"मामी, मी घरी गेल्यावर तो खरवडून काढतो," लिंबू घाबरत म्हणाला. "नक्की."

"खबरदार हात लावलास तर," मामी म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "तो डबा संपला नाही ना अजून? घरी गेलो की पुन्हा रंगव. चारही चाकांवर, प्रत्येक नटावर. आणि या वेळी सांडलास तरी मी रागावणार नाही."