चार नंबरची जागा

“एकदा पाहिलेला चेहरा मी जन्मात विसरत नाही, साहेब!” म्हातारा थिआनसेंग छाती काढून म्हणाला. “परवा जावयाला टपालवाला समजून ‘पत्र टाक आणि निघ’ म्हणालो, तेवढं सोडून द्या.”

इन्स्पेक्टर चियु हसले नाहीत. “थट्टा पुरे, काका. आज तुमच्या बोटावर एकाचा जीव आहे.”

खरं तर थिआनसेंगनं काहीच पाहिलं नव्हतं. टोफूवाल्या गेकचूला पहाटे तिच्याच दारात कुणी गळा दाबून मारलं, तेव्हा हा घरी घोरत पडला होता. वीस वर्षं त्यानं तिची एकच खोडी काढली. पहाटे तिचं दार तीनदा झटपट, एकदा सावकाश वाजवायचं आणि लपायचं. ही टकटक साऱ्या बाजाराला पाठ होती. ती झारा घेऊन शिव्या देत बाहेर यायची, आणि मग सोयाचं गरम दूधही पाजायची. ती गेल्यावर बाजारात जो तो तिच्याबद्दलच बोलू लागला, याच्याकडे कुणी बघेना. म्हणून यानं ठोकून दिलं, ‘खुनी पळताना मी पाहिलाय की!’ आता ती थापच त्याला चौकीत घेऊन आली होती.

भरदुपार होती, तरी खोलीत काळोख. समोर काच. काचेपलीकडे पांढऱ्या उजेडात सहा जण खांद्याला खांदा लावून उभे, छातीवर आकडे. तीन नंबरला खाटकाचा पोरगा बूनहिओंग, संशयावरून आठ दिवस कोठडीत.

‘तीन म्हणायचं आणि सुटायचं.’ थिआनसेंगनं तोंड उघडलं...

आणि वास आला. उकळत्या सोयाबीनचा, जरासा करपलेला. गेकचूच्या कढईचा.

तीन आणि पाचच्या मधे ती उभी होती. मान एका खांद्यावर कलंडलेली. तिनं बूनहिओंगकडे पाहिलं आणि ती कलंडलेली मान हळूहळू हलवली... नाही. मग बोट उचललं. सरळ काचेकडे.

“चार नंबर...” तो पुटपुटला.

“चार नंबर आम्ही लावतच नाही, काका. आपल्या बोलीत ‘चार’ म्हटलं की ‘मरण’ ऐकू येतं, कोण छातीवर मिरवेल? तीननंतर पाच.”

“साहेब... पोराला सोडा. थाप मारली मी. कुणालाच पाहिलं नाही.”

काच वाजली. टक टक टक... मग बऱ्याच वेळानं... टक.

पलीकडे सहाही जणांचे हात खाली होते.

“साहेब, ती... तुमच्याकडे बोट दाखवतेय. तुम्ही माझ्या मागं उभे आहात ना...?”

चियुंचा आवाज लांबून, दाराकडून आला.

“मी मघाशीच इकडे आलोय, काका. तुमच्या मागं कुणी नाही. आणि शेजारी सांगतात, त्या पहाटे दार तीनदा वाजलं, मग एकदा. ती आतून ओरडली होती, ‘थांब मेल्या थिआनसेंग, आले!’”